युरोपात आधी विचार बदलले की आधी परिस्थिती? डोक्याचा पार भुगा झालाय

निवांत वाचक

गेले चार-पाच महिने रात्री झोपायच्या आधी युरोपचा इतिहास वाचतोय. माझा हा विषय नाही, आयुष्य आकडेमोडीत गेलं, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

तर झालंय असं की जे पुस्तक उघडावं त्यात एक जिना असतो. रेनेसाँ, मग धर्मसुधारणा, मग वैज्ञानिक क्रांती, मग एनलायटन्मेंट, मग फ्रेंच राज्यक्रांती, मग वरच्या मजल्यावर लोकशाही. आणि प्रत्येक प्रकरणाची सुरुवात ठरलेली, "युरोपात नव्या विचारांचे वारे वाहू लागले". अरे पण कुठून वाहू लागले? खिडकी कोणी उघडली?

माझं गाडं अडलंय ते यान हुसवर. प्रागचा हा माणूस, चर्चच्या भ्रष्टाचाराविरुद्ध बोलला, पापमुक्तीच्या पत्रांच्या (पैसे भरून पापाची शिक्षा माफ करून घ्यायच्या चिठ्ठ्यांच्या) विक्रीवर बोलला, आणि १४१५ मध्ये कॉन्स्टन्सला त्याला जिवंत जाळला. शंभर वर्षांनी, १५१७ मध्ये, मार्टिन ल्यूथर बराचसा तसाच सूर लावतो आणि १५४६ मध्ये म्हातारा होऊन आपल्या मरणाने मरतो. विचार जर इतका सारखा, तर फरक कशाने पडला? सगळे म्हणतात छापखाना. मान्य. पण छापखाना तर १४५० च्या सुमाराला आलाच होता की, मग मधली साठ-पासष्ट वर्षं काय चाललं होतं?

दुसरं म्हणजे चेटकिणी जाळणं. मला आजवर वाटायचं की हा मध्ययुगातला अंधार. आता वाचतो तर त्याचा जोर १५६० ते १६३० च्या दरम्यान! म्हणजे कोपर्निकसचं पुस्तक येऊन गेल्यावर. मग जिन्याची ही पायरी वर जाते की खाली?

जाणकारांनी जरा इस्कटून सांगा.

---

शाईचा डाग

धागा आवडला. माझी हयात छपाईत गेली म्हणून छापखान्याचं मी बोलतो, बाकीचं बाकीचे सांगतील.

लोकांचा समज असा असतो की छापखाना म्हणजे जन्मजात बंडखोर. तसं काही नाही हो. छापखाना ज्याचं काम येईल त्याचं छापतो. गुटेनबर्गच्या काळातल्या माइंत्झमधल्या, तारीख नक्की माहीत असलेल्या सगळ्यात जुन्या छापील वस्तूंत काय आहे माहितीये? तीच पापमुक्तीची पत्रं! १४५४-५५ सालची. एका पानाचा फॉर्म, मजकूर सगळा छापलेला आणि घेणाऱ्याचं नाव अन् तारीख लिहायला जागा कोरी सोडलेली. थोडक्यात पावतीपुस्तक. ज्या गोष्टीवरून पुढे चर्च फुटलं ती गोष्ट छापखान्याचं पहिल्या दिवसापासूनचं गिऱ्हाईक होती.

आता मधली साठ वर्षं. बायबल छापणं म्हणजे पैसा कागदात अडकवून वर्षानुवर्षं बसणं, गुटेनबर्गच त्यात बुडाला, ज्या फुस्टकडून कर्ज घेतलं त्याने १४५५ मध्ये दावा लावला आणि सामान घेऊन गेला. सुरुवातीचे कितीतरी छापखानेवाले असेच बसले कारण लॅटिन जाड ग्रंथ घेणार कोण, मूठभर लोक. धंदा कुठे आहे हे कळायलाच एक-दोन पिढ्या गेल्या. आणि ल्यूथरने नेमकी ती नस पकडली, किंवा त्याच्या छापखानेवाल्यांनी पकडली म्हणा. त्याचे ते प्रसिद्ध ९५ मुद्दे लॅटिनमध्ये होते, पंडितांच्या वादासाठी. पण १५१८ मध्ये त्याने त्याच विषयावर जर्मनमध्ये एक छोटं प्रवचन लिहिलं, दहाएक मिनिटात वाचून होईल असं. एका तावाचं काम, दोन दिवसांत छापून तिसऱ्या दिवशी विकून पैसे मोकळे. दोन-तीन वर्षांत ते वीसहून जास्त वेळा वेगवेगळ्या गावांत छापलं गेलं. कोणी परवानगी मागितली नाही, मानधनाचा प्रश्नच नाही.

पण हुस गेला आणि ल्यूथर वाचला त्याचं कारण मला विचाराल तर निम्मं शाईत आणि निम्मं राजकारणात आहे. हुसला जर्मन राजा सिगिस्मुंडने अभयपत्र दिलं होतं, तरी जाळला. ल्यूथरच्या मागे जर्मनीतल्या सॅक्सनी संस्थानाचा इलेक्टर, म्हणजे तिथला अधिपती, फ्रेडरिक होता, त्याने १५२१ मध्ये त्याला रस्त्यातून खोटं खोटं पळवून नेलं आणि वार्टबर्गच्या किल्ल्यात लपवला. तिथे बसून त्याने नवा करार जर्मनमध्ये केला, सप्टेंबर १५२२ मध्ये छापून बाहेर. आणि फ्रेडरिकला विचारांचं फार पडलं होतं अशातलाही भाग नाही, त्याच्याकडे विटेनबर्गमध्ये संतांच्या अवशेषांचा स्वतःचा हजारोंचा संग्रह होता, त्याच्या दर्शनाने पापं कमी व्हायची, म्हणजे त्याचंही दुकान तेच. त्याने टेट्झेल नावाच्या विक्रेत्याला आपल्या हद्दीत येऊ दिलं नाही तर लोक हद्द ओलांडून पत्रं घ्यायला जायला लागले. आपला पैसा बाहेर चाललाय हे कोणत्या राजाला रुचेल?

आणि तो पैसा कुठे चालला होता? निम्मा रोमला सेंट पीटर चर्चच्या बांधकामाला आणि निम्मा आउग्सबुर्गच्या फुग्गर सावकारांना, कारण आल्ब्रेख्त नावाच्या आर्चबिशपने आणखी एक गादी मिळवायला त्यांच्याकडून कर्ज काढलं होतं. खातं उघडून बघितलं की धर्मकारण फार लवकर कळतं.

---

तिरकस

शाईवाले, तुम्ही माझंच काम केलंत. मी म्हणतो विचार वगैरे ठीक आहे, आधी भाव बघा.

१३४७ ते ५१ प्लेग. युरोपातली तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं गेली. शेत तेवढंच, राबणारे हात निम्मे, साहजिकच मजुरी वाढली. इंग्लंडात १३५१ ला कायदा काढला की प्लेगच्या आधी जी मजुरी होती तेवढीच घ्यायची, जास्त मागेल त्याला शिक्षा. वर फ्रान्सशी लढाई चालू, तिच्यासाठी चार वर्षांत तीनदा डोईपट्टी, शेवटची माणशी १२ पेन्स. १३८१ ला भडका उडाला. लंडनमध्ये घुसले, आर्चबिशपचं मुंडकं उडवलं, आणि जिथे जातील तिथे जमीनदारांची दप्तरं जाळली कारण कोण कोणाचा कूळ हे त्या कागदांवर होतं. त्यांच्यातला जॉन बॉल नावाचा पाद्री म्हणायचा, आदम जमीन खणत होता आणि ईव्ह सूत कातत होती तेव्हा सरदार कोण होता?

घ्या तुमची समता. साल १३८१. रूसो जन्माला यायला अजून तीनशे तीस वर्षं होती.

१७८९ ची फ्रेंच राज्यक्रांती पण तेच. आदल्या वर्षी जुलैमध्ये गारपीट, पीक गेलं, पॅरिसमध्ये आठ-नऊ सूला (सू म्हणजे तेव्हाचं फ्रेंच नाणं) मिळणारी चार पौंडांची पावाची लादी फेब्रुवारी ८९ पर्यंत साडेचौदा सूवर गेली. मजुराची दिवसाची कमाई वीस ते तीस सू. लोकांनी बॅस्टिलचा तुरुंग फोडण्याच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत काय जाळलं ते बघा, शहराभोवतीचे जकातनाके! तत्त्वज्ञान वाचून कोणी जकातनाका जाळत नाही.

---

मधली सुट्टी

तिरकसराव, लादीचा भाव बरोबर आहे पण मग एक सांगा. १६९३-९४ मध्ये फ्रान्समध्ये असा दुष्काळ पडला की दहा लाखांहून जास्त माणसं मेली. १७०९ च्या हिवाळ्यात नद्या गोठल्या, पेरलेलं बी जमिनीतच मेलं, पुन्हा लाखो गेले. दोन्ही वेळा गादीवर चौदावा लुई. दंगे झाले, धान्याच्या गाड्या लुटल्या, पण राज्यक्रांती झाली का? नाही. तो राजा १७१५ ला आपल्या बिछान्यात मेला. मग १७८९ चं निम्म्याने सौम्य संकट राजाच्या मानेवर कसं काय आलं?

भूक कायम होतीच हो. भुकेला काय म्हणायचं ते बदललं. १६९३ ला दुष्काळ म्हणजे देवाचा कोप, मिरवणूक काढा, प्रार्थना करा. १७८९ ला तोच दुष्काळ म्हणजे कारभाराचा गुन्हा. हे मी मनाने बोलत नाही, लोकांनी लिहून ठेवलंय. त्या वर्षी राजाने स्वतःच गावोगावी तक्रारींच्या वह्या मागवल्या होत्या, हजारोंनी आल्या, कितीतरी अजून शाबूत आहेत. त्यात खेड्यातले लोक मिठावरच्या कराबद्दल बोलतात, जमीनदाराच्या कबुतरांनी आमचं बी खाल्लं म्हणतात (कबुतरं पाळायचा हक्क त्याचा आणि ती मारायची सोय नाही), म्हणजे विषय अगदी पोटाचेच. पण मागणी कशी करतात बघा, सगळ्यांना सारखा कर लावा. सरदारांना सूट का, हा प्रश्न विचारता येतो हेच नवं होतं.

आणि ही भाषा वाऱ्याने आली नाही, ती पण कोणीतरी कष्टाने पोचवली. डिडेरोच्या विश्वकोशाचा पहिला खंड १७५१ चा. पुढच्याच वर्षी त्यावर गंडांतर आलं, हस्तलिखितं जप्त करायचा हुकूम सुटला. सेन्सॉरचा प्रमुख होता मालझेर्ब. त्याच्या मुलीने, म्हणजे डिडेरोच्या मुलीने, लिहून ठेवलेली हकिकत अशी की मालझेर्बने डिडेरोला आदल्या दिवशी निरोप धाडला, उद्या तुझे कागद जप्त करायला माणसं पाठवतोय. डिडेरो म्हणाला अहो एवढे कागद एका दिवसात लपवू कुठे, कोण ठेवून घेणार? तर हा म्हणतो, माझ्याकडे पाठवून दे, माझ्या घरात कोण शोधणार! सेन्सॉरच्या घरात विश्वकोश. पुढे १७ खंड मजकुराचे आणि ११ चित्रांचे झाले, १७७२ ला संपला. अवांतर: याच मालझेर्बने म्हातारपणी सोळाव्या लुईचं वकीलपत्र घेतलं आणि १७९४ ला स्वतः गिलोटिनवर गेला.

तेव्हा माझं म्हणणं, भूक, शब्द आणि तिजोरी असे तीन धागे एकत्र आले. तिजोरी विसरू नका. अमेरिकेच्या लढाईला पैसे पुरवून फ्रान्सचं कर्ज इतकं झालं होतं की महसुलातला निम्म्याच्या आसपास नुसता व्याज-हप्त्यांत जायचा. राजाकडे पैसे असते तर त्याने धर्मगुरू, सरदार आणि सामान्य यांच्या प्रतिनिधींची सभा बोलावलीच नसती, आणि सभाच नाही तर वह्या कुठल्या?

---

तिरकस

कबुतरं माहीत नव्हती. एक गुण तुम्हाला.

---

कुंपणावरचा

हुसबद्दल एक दुरुस्ती. हुस मेला, त्याचा विचार मेला नाही. बोहेमियात, म्हणजे प्रागच्या आसपासच्या प्रदेशात, त्याच्या लोकांनी त्याच्यामागे शस्त्रं उचलली आणि पोपने पाठवलेल्या एकामागून एक पाच मोहिमा परतवल्या. शेवटी तडजोड झाली, तिथे लोक वेगळ्या पद्धतीने उपासना करत राहिले. म्हणजे छापखान्याशिवायही विचार टिकला, फक्त पसरला नाही, एका प्रदेशात अडकून पडला. ल्यूथरला स्वतःला हे उशिरा कळलं, आधी विरोधकांनी त्याला हुसचा चेला म्हणून हिणवलं, मग त्याने हुस नीट वाचला आणि १५२० मध्ये एका पत्रात लिहिलं की आपण सगळे नकळत हुसचेच आहोत.

आता चेटकिणींचं. निवांत वाचक, तुमची शंका अगदी रास्त आहे. अंदाजे चाळीस ते साठ हजार लोक मारले गेले, बहुतेक बायका, आणि ते अंधारयुगात नाही तर छापखाना, विद्यापीठं, कायद्याचे पंडित हे सगळं असताना. चेटकीण कशी ओळखावी याचं कुप्रसिद्ध हातपुस्तक १४८६ च्या सुमाराचं, तेही पुन्हा पुन्हा छापलं गेलं. शाईवाले म्हणतात तेच, मशीनला काय कळतंय.

मला यातली एक गोष्ट कायम टोचत राहते ती सांगतो. योहानेस केपलर. ग्रह लंबवर्तुळात फिरतात हे १६०९ मध्ये सांगणारा. त्याची आई काथारिना लेओनबर्गला राहायची, नवऱ्यामाघारी एकटी, झाडपाल्याची औषधं द्यायची, तोंडाने जरा फटकळ. १६१५ मध्ये गावातल्या एका बाईने उठवलं की हिने मला काहीतरी कडू पाजलं आणि मी आजारी पडले. झालं. एकदा नाव निघालं की सगळ्यांना जुनं जुनं आठवायला लागतं, कोणाची गाय मेली, कोणाचा पाय दुखला. १६२० च्या ऑगस्टमध्ये म्हातारीला मुलीच्या घरातून रात्री उचलली, ते पण पेटीत घालून, लोकांना दिसू नये म्हणून. वय सत्तरच्या पुढे. साखळीला बांधून चौदा महिने ठेवली.

आणि केपलर? तो सम्राटाचा गणिती, त्याने मधेच १६१९ ला ग्रहगतीचा तिसरा नियम छापला, आणि मग सगळं सोडून आईच्या खटल्याला येऊन बसला. एकेका साक्षीची चिरफाड करून लांबलचक बचाव लिहिला. यात गंमत अशी, गंमत म्हणवत नाही पण, की त्याने कुठेही चेटकीण असं काही नसतंच असं म्हटलेलं नाही. आकाशाचे नियम बदलणारा माणूस, पण कोर्टात त्याचा मुद्दा एवढाच की माझी आई त्यातली नाही, हा आजार नैसर्गिक आहे, तो साक्षीदार खोटं बोलतोय. शेवटी तिला छळाची हत्यारं दाखवून कबुली मागितली, ती म्हणाली एकेक नस उपटलीत तरी कबूल करायला माझ्याकडे काही नाही. सुटली ऑक्टोबर १६२१ मध्ये, आणि पुढच्या एप्रिलमध्ये गेली.

एकाच घरात, एकाच डोक्यात तिसरा नियम आणि चेटकीण दोन्ही. जिना कुठला नि पायऱ्या कुठल्या. आणि हे प्रकार थांबले ते तरी पटकन कोणाचं मतपरिवर्तन होऊन थांबले असं नाही, आधी वरच्या कोर्टांनी पुरावा कडक मागायला सुरुवात केली, पॅरिसच्या कोर्टाने खालच्या शिक्षा स्वतःकडे तपासायला मागवल्या, मग खटले आटले. चेटूक नसतंच हे कायद्यात यायला ब्रिटनमध्ये १७३५ उजाडलं.

---

शाईचा डाग

केपलरच्या आईचं माहीत नव्हतं. वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

विचार लेखकाच्या हातात राहत नाही यावरून आठवलं. १५२५, जर्मन शेतकरी. ल्यूथर म्हणाला होता ख्रिस्ती माणूस मुक्त आहे. शेतकऱ्यांनी ते शब्दशः घेतलं! मेमिंगेन गावात बसून बारा कलमं लिहिली, तिसरं कलम सरळ म्हणतं की ख्रिस्ताने आपल्या रक्ताने सगळ्यांना सोडवलंय, गुराख्यालाही आणि राजालाही, तेव्हा आम्ही कोणाचे बांधील नाही. दोन महिन्यांत त्याच्या हजारो प्रती निघाल्या. आणि ल्यूथर काय करतो? आधी दोन्ही बाजूंना समजावतो, मग पत्रक काढून राजांना सांगतो की या दरोडेखोर टोळ्यांना कापा, भोसका, पिसाळलेल्या कुत्र्यासारखं मारा. सत्तर हजार ते लाखभर माणसं मेली असं धरतात. ज्या प्रकारच्या छापखान्यांत कलमं छापली त्याच प्रकारच्या छापखान्यांत ते पत्रकही.

---

मधली सुट्टी

शाईवाल्यांना +१. याचीच इंग्लंडची आवृत्ती ऐका, मला ती फार प्रिय आहे.

१६४७, राजा चार्ल्स कैदेत, त्याच्याविरुद्ध लढलेलं पार्लमेंटचं सैन्य लंडनजवळ पटनीला मुक्कामाला. तिथल्या चर्चमध्ये सैनिक आणि अधिकारी बसून वाद घालतायत की आता राज्य कसं असावं. कर्नल रेन्सबरो उठून म्हणतो की इंग्लंडमधल्या सगळ्यात गरीब माणसालाही सगळ्यात थोर माणसासारखंच जगायला एक आयुष्य आहे, मग ज्या सरकारखाली राहायचं त्याला त्याची संमती नको? त्यावर त्याच सैन्यातल्या बड्या सेनानी क्रॉमवेलचा जावई आयर्टन म्हणतो, ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांना मत दिलंत तर उद्या ते जमीनच वाटून घेतील. बस, पुढची पावणेतीनशे वर्षं युरोपभर मतदानावर जे काही भांडण झालं ते या दोन वाक्यांतच आहे. आयर्टनचा पक्ष जिंकला. चार्ल्सचं डोकं १६४९ ला उडालं पण मत काही गरिबाला मिळालं नाही.

क्लार्क नावाच्या कारकुनाने हे सगळं बसल्या बसल्या लघुलिपीत उतरवून घेतलं होतं, आणि ते कागद ऑक्सफर्डच्या एका कॉलेजात पडून राहिले, १८९० च्या सुमाराला छापले गेले. अडीचशे वर्षं! मधे १८३२ ची मतदानाची सुधारणा झाली तोवर ओल्ड सेरम नावाची जवळपास ओसाड टेकडी दोन खासदार पाठवत होती आणि मँचेस्टर एकही नाही. सगळ्या प्रौढ पुरुषांना मत १९१८ ला, बायकांना त्याच अटींवर १९२८ ला. रेन्सबरोचं वाक्य न वाचताच लोक तिथे पोचले, आणि पोचले ते बऱ्यापैकी महायुद्धामुळे, कारण खंदकातून परत आलेल्याला तुला मत नाही म्हणायची सोय उरली नव्हती. इथे परत तिरकस जिंकतात, नाही म्हणत नाही.

---

तिरकस

मी जिंकलो तरी एक उलटी चाल मीच देतो. हायती.

१७८९ ला फ्रान्समध्ये जाहीर की माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान. सॅन डोमिंगमध्ये (हायतीचं तेव्हाचं नाव) फ्रेंचांच्या उसाच्या मळ्यांवर पाचेक लाख गुलाम, त्यांना कोणी विचारलं नव्हतं. १७९१ ला ते उठले. १७९४ ला पॅरिसने गुलामी रद्द केली, १८०२ ला नेपोलियनने परत आणली, १८०४ ला हायती स्वतंत्र. इथे भाकरी-भाव चालत नाही, हे लोक तर आधीपासूनच उपाशी आणि मार खात होते. मालकाचंच वाक्य मालकाला ऐकवलं. आणि फ्रान्सने १८२५ ला बिल पाठवलं, १५ कोटी फ्रँक, मळेवाल्यांची नुकसानभरपाई म्हणून. सुटलेल्या गुलामांनी स्वतःची किंमत भरायची. नंतर ९ कोटींवर आणलं, पण वसूल केलं.

---

कुंपणावरचा

अवांतर: मतदानाचं निघालंच आहे तर स्वित्झर्लंडचा आपेन्झेल इनररोडन हा प्रांत घ्या. तिथे पुरुष कमरेला तलवार लावून मैदानात जमायचे, तलवार हीच मतदानाची खूण, हात वर करून निर्णय. देशाच्या निवडणुकीत बायकांना १९७१ ला मत मिळालं तरी यांच्या स्थानिक सभेत नाही. एप्रिल १९९० मध्ये पुरुषांनी पुन्हा एकदा हात वर करून नाही म्हटलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च कोर्टाने सांगितलं, पुरे.

रूसोचं गाव आज याच देशात बरं का. तो जिनिव्हाचा.

---

निवांत वाचक

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. काल रात्री मागची पानं उलटून बघितली. केपलरला पुस्तकात अडीच पानं आहेत, आईचा उल्लेख नाही. १६९३ चा दुष्काळ एका ओळीत, तोही लढायांच्या प्रकरणात. जकातनाके नाहीतच, थेट बॅस्टिल.

मी आकडेमोडीचा माणूस म्हणून आता समासात पेन्सिलने दोन रकाने करायला घेतलेत, एकात कोण काय म्हणालं ते साल, दुसऱ्यात ते प्रत्यक्षात कधी आलं ते साल. पटनीचा फरक २७१ वर्षं निघाला. जॉन बॉलचा रकाना अजून कोराच ठेवलाय, काय लिहावं कळेना.

आजपासून पुढचं प्रकरण, १८४८. पहिलं वाक्य वाचून दाखवतो: "सर्वत्र नव्या विचारांचे वारे वाहू लागले."

---

तिरकस

खिडकी लावून घ्या. १८४५ पासून बटाट्याला रोग पडला होता, ४६ ला धान्यही गेलं. तिथून सुरू करा.

---

मधली सुट्टी

आणि १६९३ विसरू नका 🙂